नवव्या बरगडीखालचा भित्रा

मित्रांनो, तुम्ही घाबरू नका. घाबरण्याचे काम माझे आहे. मी एक जुना वेदनातंतू आहे. एका माणसाच्या उजव्या कुशीत, नवव्या बरगडीच्या खालच्या कडेने मी धावतो. माझे एक टोक पोटाच्या कातडीत आणि आतल्या अस्तरात पसरले आहे, तर दुसरे पाठीच्या कण्यात गेले आहे. जाडीने मी तुमच्या केसाहूनही कितीतरी बारीक. मला आजवर कोणी पाहिलेले नाही, पण मी हाक मारली की घरातली सगळी माणसे हातातले काम टाकून धावत येतात.

तुम्ही विचाराल, पोटातल्या तंतूला बाहेरचे बोलणे कसे कळते? कण्यात माझा एक शेजारी राहतो. मी त्याला निरोप्या म्हणतो. मी दिलेला निरोप तो वर मेंदूकडे पाठवतो, आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटेवर त्याला वरच्या बातम्या मिळतात. कानांनी काय ऐकले, डोळ्यांनी काय पाहिले, ते सगळे तो मला सांगतो. थोडा मीठमसाला लावून सांगत असेल, पण मला दुसरा आधार नाही.

माझा मालक जन्माला यायच्या आधीच मी कण्याजवळून निघालो आणि चाचपडत पोटापर्यंत पोचलो. तिथे माझ्या टोकांवर बारीक बारीक दारे बसली. कोणी टोचले, चिमटा काढला, जोरात दाबले की दार उघडते, खारट कण भसकन आत शिरतात आणि माझ्या अंगातून एक झटका कण्याकडे धावत सुटतो. त्या झटक्याला तुम्ही "आई गं" म्हणता. या दारांपैकी एक उष्णतेचे आहे. साधारण त्रेचाळीस अंशांच्या पुढे गेल्याशिवाय ते उघडत नाही. अंगाची ऊब सदतीस अंशांची, त्यामुळे एरवी ते मुकाट्याने बंद असते. हा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

लहानपणी मालक सायकलवरून पडला आणि सायकलची मूठ बरोबर माझ्यावर आदळली. मी असा ओरडलो की तो रस्त्यातच बसून राहिला. एकदा कढत पाणी सांडले तेव्हाही मी वेळेवर ओरडलो, म्हणून तो झटकन मागे सरला आणि थोडक्यात वाचला. पण शाबासकी कोणाला मिळाली? मागे सरणाऱ्या पायांना! माझे नाव काढले की लोक तोंड वाकडे करतात. काही झाले नाही तर वर्षानुवर्षे माझी आठवणही होत नाही, आणि खरे सांगायचे तर मला तेच आवडते.

माझा मालक मोठा होऊन वजनकाटे तपासणारा अधिकारी झाला. दुकानातले तराजू, गोदामातले मोठे काटे, औषधवाल्यांचे नाजूक काटे, सगळे तो तपासत असे. त्याच्याकडे मखमलीचे अस्तर लावलेली एक पेटी होती. तिच्यात पितळेची चकचकीत वजने ओळीने बसलेली असत. त्यांना तो उघड्या बोटाने कधी शिवत नसे. बोटाचा घाम लागला तर वजन बदलेल म्हणे. काट्यावर आधी थोडे वजन, मग निम्मे, मग पुरते, मग चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने वजन ठेवून झाल्याशिवाय तो शिक्का मारत नसे. सुई दोन रेषांच्या मध्ये डुलत राहिली तर खालची रेष लिहायची, हा त्याचा नियम होता. दुकानदार त्याला मागे बिनचूकराव म्हणत आणि पुढे चहा विचारत. चहा तो घेत नसे.

घरीही तोच कारभार. बायकोने हौसेने आणलेला स्वयंपाकघरातला काटा त्याने पहिल्याच दिवशी नापास केला होता. त्या काट्यावरून पुढे आठ दिवस घरात अबोला होता, असे निरोप्याने मला सांगितले.

अशी अठ्ठावन्न वर्षे गेली. मग पोटातल्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले. सुरुवातीला खोल आतले तंतू कुरकुरत होते. त्यांना नेमकी जागा सांगता येत नाही, त्यामुळे मालकाला कधी पोटात तर कधी खांद्यात दुखल्यासारखे वाटे. तो ओवा चघळून कामावर जाई. पण एका दुपारी पिशवी सुजून पोटाच्या अस्तराला टेकली. ते अस्तर माझ्या ताब्यातले. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटे ठेवून श्वास घ्यायला सांगितला, आणि मी असा झटका दिला की मालकाचा श्वास अर्ध्यावरच थांबला. डॉक्टर म्हणाले, "बस, कळलं. इथंच आहे." आयुष्यात पहिल्यांदाच माझे म्हणणे कोणीतरी इतक्या पटकन ऐकून घेतले होते. मला फार बरे वाटले. पुढे काय वाढून ठेवले आहे ते ठाऊक असते तर मी तोंड मिटून बसलो असतो.

पिशवी काढून टाकायची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, चार लहान छिद्रांतून करायची ठरली होती. त्या छिद्रांच्या जागी दारे बंद करणारे औषधही टोचले. पण आत सगळे एकमेकांना चिकटलेले निघाले आणि बरगडीखाली वीतभर चीर घ्यावी लागली. मित्रांनो, त्या खोलीत मालक झोपला होता. त्याचा मेंदू औषधाने गाढ झोपला होता. मी जागा होतो. भूल मेंदूला दिली होती, मला नाही. थंडगार पाते माझ्या दिशेने येत होते आणि मी कण्याकडे एकामागून एक झटके पाठवत होतो. वर कोणीच घेत नव्हते. निरोप्या एकटाच सगळे ऐकत होता. माझ्या तीन फांद्या सपकन तुटल्या. तेव्हा मला जी भीती वाटली ती आजही पुरती गेलेली नाही.

पाते गेले तरी भीती गेली नाही, उलट खरी भीती तिथूनच सुरू झाली. कापलेल्या पेशी फुटल्या होत्या आणि त्यांच्या पोटातले सगळे माझ्या अंगावर सांडले. जखमेवर आंबट पाणी साचले. रक्तातून ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य पाझरले. फुटलेल्या भिंतींच्या चरबीपासून प्रोस्टाग्लँडिन नावाचे दुसरे द्रव्य तयार होऊ लागले. ही दोघे वाईट नाहीत. जखमेकडे रक्त वळवायचे आणि डागडुजीला माणसे बोलवायची, हे त्यांचे काम. पण त्यांनी माझ्या दारांच्या कड्या ढिल्या केल्या. आता पंख्याच्या वाऱ्यानेही दारे धडधड उघडू लागली. आणि ते उष्णतेचे दार आठवते ना? ते त्रेचाळीसला उघडायचे, ते सदतीसलाच उघडू लागले. म्हणजे मालकाच्या अंगाची रोजची ऊबच मला आगीसारखी भाजू लागली. ज्या घरात अठ्ठावन्न वर्षे राहिलो त्याच घराच्या भिंती पेटल्या होत्या. पळून जायला मला पाय कुठे आहेत?

तिकडे निरोप्याचीही पाचावर धारण बसली. त्याच्या एका दाराला मॅग्नेशियमचे बूच असते. साध्यासुध्या निरोपाने ते हलत नाही. पण माझ्या झटक्यांचा मारा इतका झाला की ते बूच उडाले आणि दार सताड उघडे राहिले. त्यानंतर मी हळू बोललो तरी तो वर ओरडून सांगू लागला. शेजारी स्पर्शाचे तंतू राहतात, बिचारे साधेभोळे. त्यांनी नुसते "चादर लागली" असे कळवले तरी निरोप्या वर सांगे, "चटका बसला!" मी त्याला म्हणालो, "अरे, जरा दमाने घे." तो म्हणाला, "तूच आधी गप्प बस." दोघांनाही गप्प बसणे जमत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर आल्या. त्यांच्या हातात तक्ता होता.

"काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता किती?"

बिनचूकरावांनी डोळे बारीक केले. "सिस्टर, हे माप कुठल्या प्रमाणावर तपासलंय?"

"तुमच्याच अंगावर."

"मग त्यावर शिक्का कुणी मारला?"

सिस्टर हसल्या. "शिक्का तुम्हीच मारा. पण आकडा सांगा, मला अजून अकरा पेशंट बघायचेत."

मालक अगदी निश्चल पडला होता. श्वास तर इतका वरवरचा घेत होता की बरगडी जेमतेम हलत होती. असा न हलता पडला की मी थोडा शांत असे. त्याच्या मनातली सुई दोन आणि तीनच्या मध्ये डुलत होती. त्याने नियमाप्रमाणे खालची रेष वाचली. "लिहा, दोन."

मी आतून जिवाच्या आकांताने ओरडलो, "दोन? अरे, खोकून बघ, कूस बदलून बघ, मग सांग!" पण माझी भाषा एका शब्दाची आहे, आणि तो शब्द त्याने हालचाल न करून बंद करून टाकला होता. तक्त्यावर दोन लिहिले गेले. दोनला लागते तेवढेच, एक साधी गोळी, त्याला मिळाली. संध्याकाळी विचारले तेव्हाही दोन. डॉक्टरांनी विचारले तेव्हाही, "दोनच."

सिस्टरनी त्याच्या हातात श्वासाचे एक यंत्र दिले होते. तीन नळ्यांत तीन गोळे. नळी तोंडात धरून हवा ओढायची आणि गोळे वर उचलायचे. मालकाने एकदा ओढले. पोटाचा स्नायू ताणला, मी किंचाळलो, आणि त्याने नळी बाजूला ठेवली. पहिला गोळा जागचा हललाही नाही. त्याने बायकोला सांगितले, "यंत्राचं कॅलिब्रेशन चुकलंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला ताप चढला. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा सारखा खाली येऊ लागला. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकले. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली. डॉक्टर खुर्चीत बसले की गोष्ट गंभीर असते, एवढे निरोप्यालाही कळते.

"उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग बसत चाललाय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ आत साचतोय. असंच राहिलं तर न्यूमोनिया होईल, आणि मग मशीनवर ठेवायची वेळ येईल. दुखत तर फार नाहीये ना? मग का घेत नाही श्वास?"

"घेतो की," मालक म्हणाला.

मित्रांनो, आता कुठे माझ्या ध्यानात आले की मी काय करून बसलो होतो. मी ओरडेन म्हणून मालक श्वास घेत नव्हता. श्वास घेत नव्हता म्हणून त्याचे फुफ्फुस मिटत चालले होते. मी त्याला वाचवण्यासाठी जन्माला आलो होतो आणि मीच त्याचा गळा धरला होता. मी गप्प बसायला एका पायावर तयार होतो, पण दारांच्या कड्या माझ्या हातात नव्हत्या. आणि त्या घालणारे औषध तर "दोन" या आकड्याच्या पलीकडे अडून बसले होते. मालक मेला असता तर तक्त्यावर शेवटपर्यंत दोनच राहिले असते.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले. मालकाची बायको पलंगाच्या कडेला उभी होती. ती मघापासून त्याच्या छातीकडे पाहत होती. तिने विचारले, "अहो, ते दोन तुम्ही पडल्या पडल्या सांगितलंत ना?"

"मग काय नाचून सांगू?"

"खोकून बघितलंत?"

"कशाला खोकायचं? खोकलं की..." तो थांबला.

"की काय?"

तो छताकडे पाहू लागला.

"माझा काटा तुम्ही नापास केलात, आठवतंय?" ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, सुई शून्यावर सरळ उभी आहे की, अजून काय पाहिजे? तेव्हा काय म्हणाला होतात? सांगा ना. आठ दिवस बोलत नव्हते मी, मला अक्षर अन् अक्षर पाठ आहे."

बिनचूकराव हळूच म्हणाले, "रिकामा काटा सगळ्यांचाच बरोबर असतो."

"मग ठेवा वजन."

सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या तिथेच थांबल्या. मालकाच्या बायकोने उशी उचलून त्याच्या पोटावर, बरोबर माझ्यावर, घट्ट धरली. मालकाने तिचा हात पकडला. पुढे काय होणार हे मला कळले. त्याने श्वास आत घ्यायला सुरुवात केली आणि मी मनातल्या मनात "नको, नको" करत राहिलो. मग तो खोकला.

त्या एका खोकल्याचे वर्णन मला करता येत नाही. सगळी दारे एकदम उघडली. निरोप्याने वर काय सांगितले ते त्यालाही आठवत नाही. मालकाचे तोंड उघडे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. अठ्ठावन्न वर्षांत तो असा रडल्याचे निरोप्याने मला कधी सांगितले नव्हते.

"नऊ," तो म्हणाला. मग धाप लागलेल्या आवाजात म्हणाला, "थांबा. नऊ आणि दहाच्या मध्ये डुलतोय."

"मग खालची रेष लिहिते," सिस्टर म्हणाल्या. "नऊ." त्यांनी तक्त्यावर दोन खोडले नाहीत. त्याच्यासमोर "पडून" असे लिहिले आणि खाली नवी ओळ घातली, "खोकताना, नऊ". मग मान वर करून म्हणाल्या, "हे मीच विचारायला हवं होतं, काका. चुकलंच माझं." आणि त्या डॉक्टरांना बोलवायला लगबगीने गेल्या.

तासाभरात भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी मालकाला कुशीवर वळवले आणि कण्याच्या बाजूला, माझ्या वाटेवर, एक बारीक नळी सरकवली. तिच्यातून थेंब थेंब औषध येऊ लागले. ते माझ्या अंगावरच्या दारांत जाऊन बसले आणि खारट कणांची वाटच बंद झाली. माझा झटका अर्ध्या रस्त्यात विझला. मी निरोप्याला हाक मारली, ती पोचली नाही. चहूकडे सामसूम झाली. मित्रांनो, मला वाटले मी मेलो. मी इतका घाबरट आहे की शांततेलाही घाबरलो. शिरेतून दुसरे औषध आले, ते प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच कमी करू लागले. उष्णतेचे दार इंचाइंचाने मिटत गेले.

त्यानंतरचे निरोप्याने मला मागाहून सांगितले. मालकाने श्वासाच्या यंत्राची नळी तोंडात धरली. पहिला गोळा उचलला. मग दुसरा. तिसरा थरथरत थोडासा वर आला आणि खाली पडला.

"दोन पूर्ण, तिसरा पाव," मालक म्हणाला.

"मी अडीच लिहिणार होते," सिस्टर म्हणाल्या.

"खोटं लिहू नका."

त्या दिवसापासून तो दर तासाला उशी पोटाशी धरून खोकला आणि साचलेला कफ सुटत गेला. दोन दिवसांत ताप उतरला. बोटावरचा आकडा वर चढला तेव्हा त्याची बायको पलंगाच्या पायथ्याशी बसून पहिल्यांदा पोटभर जेवली.

माझी भीती मात्र लगेच संपली नाही. नळी काढली तेव्हा झटके पुन्हा सुरू झाले. ते आधीपेक्षा हलके होते, तरी मी धास्तावलो. जखमेत तंतूंना वाढवणारे एक प्रथिन तयार होते. ते माझ्या टोकांतून आत शिरून पार कण्याजवळच्या माझ्या मुळापर्यंत गेले होते आणि तिथून नवी नवी दारे मागवत होते. माझ्या तुटलेल्या फांद्या वेड्यावाकड्या फुटू पाहत होत्या. घरी सोडताना भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या, "काही जणांची जखम भरते, पण दुखणं वर्षानुवर्षं राहतं. म्हणून पहिल्या दिवसांतच त्याला आवरायचं असतं. दुखलं तर लपवू नका." मी कायमचा असाच राहिलो तर? सदऱ्याच्या स्पर्शानेही ओरडत सुटलो तर? मालक माझा तिरस्कार करील, आणि करावाच.

पण मालक आता बदलला होता. त्याने वहीत तीन रकाने आखले होते, पडून, चालताना, खोकताना, आणि रोज सकाळी तिन्ही भरत होता. औषध वेळेवर घेत होता. रोज थोडे जास्त चालत होता. आकडे उतरत गेले. निरोप्याचे बूच हळूहळू जागेवर बसले. एका सकाळी चादर लागली आणि तो वर म्हणाला, "चादर लागली." बस, एवढेच. दीड महिन्याने वहीत तिन्ही रकान्यांत शून्य, शून्य, एक असे आले. तो एक अजून आहे. जोरात शिंक आली की मी दचकतोच. चिरेच्या खाली दोन बोटांएवढी जागा बधिर आहे. तिथे माझ्या त्या तीन फांद्या होत्या.

आता मी म्हातारा झालो आहे. मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कोणी दुखते का विचारले तर मुकाट पडून राहून आकडा सांगू नका. उठा, वळा, खोका, आणि मग सांगा. आम्ही ओरडतो ते घाबरून ओरडतो, तुमच्यावरच्या रागाने नाही. आमचे ऐकून घेतले तर आम्ही शांत होतो. दाबून ठेवले तर आम्ही ओरडण्याची सवय लावून घेतो, आणि ती सवय आमची आम्हाला मोडता येत नाही.

परवाचीच गोष्ट. मालकाची बायको बाजारातून आली आणि खालच्या पायरीवर कठड्याला धरून क्षणभर थांबली. तिच्या गुडघ्यातही माझ्यासारखाच कोणीतरी राहत असणार. ती वर येऊन खुर्चीत बसली आणि पदराने वारा घेऊ लागली.

"गुडघा दुखतोय?" मालकाने विचारले.

"छे हो, काही नाही."

बिनचूकराव उठले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, वही काढली, एक कोरे पान उघडले आणि तिच्यासमोर हात पुढे केला.

"बसून सांगू नकोस," ते म्हणाले. "चल, जिना चढून दाखव. मी बरोबर येतो."